नाडी ठिकाणावर येईपर्यंत

“मॅडम, माझ्या मुलीच्या डोक्यात गॅस गेलाय. तेवढं तुम्ही लिहून द्या.”

भागवत पाटील खुर्चीत बसलेही नव्हते. उभ्याउभ्याच बोलले. त्यांच्या मागे त्यांचा धाकटा भाऊ, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत. दाराला टेकून कल्याणी, पाटलांची मुलगी, आमच्या क्यूसी लॅबमधली, म्हणजे माल तपासून पास-फेल ठरवणाऱ्या लॅबमधली केमिस्ट. आणि या तिघांच्याही मागे आमचे एचआर मॅनेजर सावंत. ते मला डोळ्यांनी खुणावत होते, काही लिहू नका म्हणून.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फॅक्टरी मेडिकल ऑफिसर आहे. म्हणजे कारखान्याच्या आतल्या दवाखान्यात बसणारी डॉक्टर. कापलं, भाजलं, डोळ्यात काही उडालं, चक्कर आली, की माणूस आधी माझ्याकडे येतो. पण माझं खरं काम वेगळं. माणसाला झालेला त्रास कंपनीतल्या रसायनामुळे आहे की दुसऱ्या कशामुळे, हे मला ठरवावं लागतं. माझ्या सहीवर बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात, म्हणून ती सही मिळवायला आणि थांबवायला दोन्हीकडून माणसं येतात. त्या दिवशी दोन्हीकडची एकाच वेळी आली होती.

“काय त्रास होतोय तिला?” मी विचारलं.

“त्रास? तिला आमच्या जातीतलं इंजिनिअरचं स्थळ आलंय. ती म्हणते, मला त्या महेश वरठाशीच लग्न करायचंय. तुमच्या प्लँटमधला ऑपरेटर. मासवणकडचा आदिवासी.” पाटलांचा आवाज चढला. “ही मुलगी अशी नव्हती मॅडम. तुमच्याकडे तो गॅस सुटला, तेव्हापासून अशी झाली.”

किल्ली फिरायची थांबली. काका म्हणाले, “तुम्ही लिहून दिलं की आम्ही तिला गावी नेतो. गाडी बाहेर उभी आहे. जळगावला दाखवू चांगल्या डॉक्टरला.”

डॉक्टरला दाखवायचं की त्या स्थळाला, ते मला कळलं.

तो गॅस सुटला तेव्हा मी तिथंच होते, त्यामुळे ते आधी सांगते.

आमच्या एका प्लँटमध्ये टोल्युइन वापरतात. रंगाच्या थिनरला येतो तसा वास असलेलं सॉल्व्हंट. काही महिन्यांपूर्वी पहिल्या मजल्यावर त्याच्या लाइनचं गॅस्केट फाटलं आणि सॉल्व्हंट जिन्यावर फवारायला लागलं. गॅस्केट म्हणजे दोन पाइपांच्या जोडातली चकती. सगळे खाली धावले. दोघं वर अडकले. सॅम्पलबद्दल काही विचारायला वर गेलेली कल्याणी, आणि पाळीवरचा ऑपरेटर महेश. जिन्याची वाट बंद झाल्यावर ते सुपरवायझरच्या केबिनमध्ये शिरले आणि दार लावून घेतलं.

केबिनमध्ये इंटरकॉम होता. सेफ्टी ऑफिसरने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मॅडम, त्यांना बोलत ठेवा. जीभ जड झाली तर लगेच सांगा.”

टोल्युइनची वाफ डोक्यात गेली की माणूस आधी दारू प्यायल्यासारखा बोलतो, मग झोपतो. आणि ठिणगी पडली तर काय होतं, ते सांगायला नको. मी त्यांना दाराच्या फटीत ओले कपडे कोंबायला सांगितले. खाली बसू नका, उभे राहा, कारण ही वाफ हवेपेक्षा जड असते. पंख्याचं, दिव्याचं, कुठलंही बटण दाबू नका.

मग बोलत ठेवायचं म्हणून काय वाट्टेल ते विचारलं. सकाळी काय खाल्लं, शाळेत कुठल्या विषयात नापास झालात. कल्याणी तुटक उत्तरं देत होती. महेशचा श्वास मला फोनवर ऐकू येत होता. मधेच तो म्हणाला, “मॅडम, माला लय भीती वाटते. पाय कापतात माझे.” आणि मग पाठीमागून कल्याणीचा आवाज आला, एकदम स्थिर, “माझा हात धर. मॅडम, मी पण घाबरलेय, पण आम्ही उभे आहोत.”

व्हॉल्व्ह बंद झाला, फोम मारला, दोघांना खिडकीतून शिडीने उतरवलं. डोकेदुखी आणि मळमळ. एक दिवस निरीक्षणाखाली ठेवलं, तपासण्या केल्या, आठवड्याभरानं पुन्हा केल्या. दोघंही ठणठणीत. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं.

आता पाटील ते पुन्हा उघडत होते.

“तुम्ही दोघं बाहेर बसा,” मी पाटलांना आणि काकांना म्हणाले. “मला तिला तपासायचंय.”

“आमच्यासमोर तपासा,” काका म्हणाले.

“ती सज्ञान आहे. पेशंट ती आहे. बाहेर बसा.”

ते निघाले, तसे सावंत आत आले आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, फिट लिहा आणि मोकळ्या व्हा. गॅसचं काही कागदावर आलं तर उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर दारात. आणि लवकर करा. गेटवर मासवणची पोरं जमलीत. महेशला कुणीतरी सांगितलंय की हिला उचलून नेतायत. तो फर्स्ट शिफ्टला आहे, सुटेल आता.”

“तपासल्याशिवाय फिट कसं लिहू?”

“मागच्या वेळी तपासलंत की.”

“मागच्या वेळी ती वेगळी दिसत होती,” मी म्हणाले.

हे मी बोलून गेले तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आता ती खरोखरच वेगळी दिसत होती. गालफडं बसली होती. एसी चालू असताना वरच्या ओठावर घाम होता. सावंतांना बाहेर पाठवून मी तिला स्टुलावर बसवलं आणि मनगट हातात घेतलं.

नाडी एकशे अठ्ठावीस.

भांडणात कुणाचीही नाडी पळते. मी तिला पडून राहायला सांगितलं, पाणी दिलं, इकडचं तिकडचं बोलले. पुन्हा मोजली. एकशे चोवीस. हात पुढे करून बोटं पसरायला सांगितली. बोटांवर कागद ठेवला तर कागद थरथरत होता. भूक? भरपूर, पण वजन उतरतंय. झोप? नाही. पाळी? अनियमित. धडधड? सारखी.

“कधीपासून?”

“गॅसनंतर. म्हणजे…” ती थांबली. “महेशला भेटायला लागल्यापासून.”

मी तिला पाण्याचा घोट घ्यायला सांगितलं आणि गळ्याकडे बघितलं. गिळताना गळ्याच्या खालच्या बाजूला हलकी सूज वर सरकली आणि खाली आली.

थायरॉइड. गळ्यातली ही ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. ती जास्त काम करायला लागली की माणसाचं सगळंच यंत्र जोरात धावतं. हृदय पळतं, झोप उडते, हात कापतात, मन एका जागी ठरत नाही. औषध मिळालं नाही तर हृदयाचा ठेका बिघडतो, आणि मग जिवावर बेततं. अशा मुलीला गाडीत घालून रात्रभराच्या प्रवासाला न्यायचं, वर घरच्यांचा मारा, हे काही मला बरं दिसेना.

मी तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मग एकच प्रश्न विचारला.

“मॅडम, मग महेशचं पण त्याच्यातच आलं का?”

मी पंचवीस वर्षं डॉक्टरकी करते आहे. असा प्रश्न मला कुठल्या पेशंटने विचारला नव्हता. तिची यादी काय होती? छातीत धडधड, झोप नाही, हाताला घाम, एकाच विचाराची भुणभुण. विशीतल्या कुठल्याही पोरीने ही यादी मैत्रिणीला सांगितली असती तर मैत्रीण हसली असती. मला सांगितली तर मी रक्त काढायला पाठवते. शिवाय गॅसचा तो दिवस होताच. भीतीने हृदय पळत असताना शेजारी जो असतो, त्याच्यामुळेच ते पळतंय असं मनाला वाटू शकतं, हे मी वाचलेलं होतं. तिनेही वाचलं होतं.

“पप्पा म्हणतात ते अगदीच चूक नसेल,” ती म्हणाली. “मला स्वतःलाच शंका येते. मी त्याला निवडलं की माझ्या हृदयाने घाई केली?”

“ते मला नाही सांगता येणार,” मी म्हणाले. “आजाराचं सांगता येईल.”

तिने ओठावरचा घाम पुसला. नंतर केमिस्ट बोलते तसं बोलली. “सॅम्पलमध्ये दुसरं काही मिसळलेलं असलं की रीडिंग खरं येत नाही. आधी ते काढावं लागतं, मग वाचायचं. मला औषध द्या. नाडी ठिकाणावर येईपर्यंत मी महेशला भेटणार नाही, फोन करणार नाही. आणि पप्पांनी स्थळ बघायचं नाही. नंतर मी जे सांगेन ते सगळ्यांनी मानायचं.”

“आणि रीडिंग बदललं तर?”

“तर तेही महेशने मानायचं,” ती म्हणाली.

तिची परवानगी घेऊन मी पाटलांना आणि काकांना आत बोलावलं. सावंत आपणहून आले. मी तिचा नुकताच काढलेला ईसीजी टेबलावर ठेवला आणि सांगितलं की तिला आजच्या आज पालघरला फिजिशियनकडे न्यायचंय, प्रवास बंद.

पाटील खाली बसले. पहिल्यांदाच. “म्हणजे गॅसनेच ना?”

“नाही. हा आजार बऱ्याचदा घराण्यात असतो. तुमच्याकडे कुणाच्या गळ्याला सूज होती?”

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. “ताईचं ऑपरेशन झालं होतं गळ्याचं,” काका पुटपुटले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, कल्याणीची आत्या.

“मोठा धक्का बसल्यावर हा आजार डोकं वर काढतो, असं काही जण म्हणतात. ठामपणे मी सांगू शकत नाही. टोल्युइनने होतो असं मात्र मला कुठं दिसलेलं नाही. तसंच लिहीन.”

सावंतांनी सुस्कारा सोडला. पण पाटील हुशार माणूस. पंचवीस वर्षं बोईसरला कंपनीत सुपरवायझर. ते लगेच म्हणाले, “बघा, म्हणजे डोकं ठिकाणावर नाहीच. मी काय म्हणत होतो? गॅस नसेल, आजार असेल. ती बरी झाली की हे खूळ उतरेल.”

“उतरेलही,” कल्याणी म्हणाली. “तेच बघायचंय.” आणि तिने तिची अट सांगितली.

काका उसळले. “अट कसली? त्या जंगलातल्या पोरासाठी आम्ही थांबायचं?”

“त्या पोराने तुमच्या पुतणीसोबत उभं राहून श्वास मोजलेत,” मी म्हणाले. “मी फोनवर होते.” मला एवढं बोलायची गरज नव्हती. पण बोलले.

पाटील मुलीकडे बघत होते. रागापेक्षा आता काळजी जास्त होती, आणि त्या काळजीत थोडा हिशोबही होता. औषधाने नाडी उतरेल, नाडीबरोबर महेश उतरेल. “मंजूर,” ते म्हणाले. “आधी बरी हो.”

बाहेर गेटवर आवाज वाढला होता. शिफ्ट सुटली होती. महेश सेफ्टी हेल्मेट हातात घेऊन आमच्या दवाखान्याकडे धावतच आला, मागे चार-पाच जण. काकांनी बाह्या सरसावल्या. सावंत सिक्युरिटीला हाक मारायला वळले. मी दारात जाऊन उभी राहिले.

“महेश, कुणी तिला नेत नाही. ती आजारी आहे. पालघरला दवाखान्यात जायचंय. तुझी माणसं परत पाठव.”

त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. कल्याणीने नुसती मान हलवली. तो वळला आणि मागच्यांना म्हणाला, “जा रे तुमी. काय नाय झालं.” ते हळूहळू पांगले. कंपनीची ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा पाटील आणि काका मागच्या गाडीत होते, आणि महेश गेटच्या आत उभा होता. जवळ गेला नाही.

रक्ताचा रिपोर्ट मला वाटला तोच आला. फिजिशियनने दोन गोळ्या सुरू केल्या. एक धडधड आवरणारी, तिचा गुण लवकर येतो. दुसरी ग्रंथीला लगाम घालणारी, तिला बरेच आठवडे लागतात. कल्याणीने मला आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या गोळीने नाडी उतरली तर ती धरायची नाही. रिपोर्ट नॉर्मल यायला हवा.

दुसऱ्या दिवशी मी महेशला बोलावून तिची अट सांगितली. तिनेच सांगायला सांगितलं होतं. तो ऐकत राहिला.

“आजाराने होतं का असं?” त्याने विचारलं.

“होऊ शकतं. तुझं काय? तुलाही त्या दिवसापासूनच?”

“नाय मॅडम. त्या दिवशी मी नुसता घाबरलो. माझं आधीपासून हाय.” तो जरा लाजला. “बॅच फेल झाली ना, का क्यूसीवाले फोनवर ओरडतात. ही पहिलं विचारायची, जेवलास का? मग सांगायची, फेल हाय. माला फेलचं वाईटच नाय वाटायचं.”

मी हसले नाही, कारण तो हसत नव्हता.

“आन् ती बरी झाली, मग नाय म्हणाली तर?”

“तर तुला ऐकावं लागेल.”

“ऐकीन,” तो म्हणाला. पण जाताना दाराची कडी त्याला चटकन उघडेना.

पुढचे आठवडे अवघड गेले. सावंतांना महेशची दुसऱ्या प्लँटला बदली करायची होती. मी म्हटलं, त्याने काय केलंय ते लिहा, मग करा. ते लिहू शकले नाहीत. कँटीनमध्ये दोघं वेगवेगळ्या वेळेला जेवायला लागले. सॅम्पल घेऊन महेशऐवजी दुसराच कुणी लॅबला जाई. लोक कुजबुजायचे, मिटलं म्हणून.

कल्याणी तपासणीला यायची. तिचं वजन भरत होतं, बोटांवरचा कागद स्थिर राहायला लागला होता. महेशबद्दल मी कधी विचारलं नाही. तिने कधी सांगितलं नाही. पण ती शांत होत चालली होती, आणि मला त्या शांतपणाची भीती वाटायची. एकदा ती म्हणाली, “मॅडम, काल दिवसभर मला त्याची आठवणच आली नाही. संध्याकाळी लक्षात आलं.” मी नाडीवरचं बोट तसंच ठेवलं. नाडी संथ होती. महेशला हे सांगायचं माझं काम नव्हतं, पण दुपारी तो समोरून आला तेव्हा मी नजर चुकवली.

शेवटी रिपोर्ट नॉर्मल आला. पाटील स्वतः आले, या वेळी एकटे. कल्याणीने महेशलाही बोलवा म्हटलं. दोघं खोलीच्या दोन टोकांना उभे राहिले. पाटलांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या माणसाची दया होती. मुलीची शांत मुद्रा त्यांनीही घरी बघितली होती.

“बोल बेटा,” ते म्हणाले.

“पप्पा, मला आता झोप लागते,” कल्याणी म्हणाली. “धडधड नाही. त्याचा विचार सारखा येत नाही. मधे एक दिवस तर आलाच नाही.”

महेशने खाली बघितलं.

“मग मी स्वतःलाच विचारलं की आता काय उरलं? त्या केबिनमध्ये तो माझ्यासमोर मॅडमना म्हणाला होता, भीती वाटते. आपल्या घरात कधी कुठला माणूस असं म्हणाला नाही, पप्पा. तुम्ही नाही, काका नाही. सगळे ओरडता. मला भीती वाटते असं म्हणणाऱ्या माणसाजवळ मला राहायचंय. हे मी नाडी बहात्तर असताना सांगतेय. मॅडमना मोजायला सांगा हवं तर.”

कुणी मोजायला सांगितलं नाही.

पाटलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग मला म्हणाले, “अजून एखादी टेस्ट असते का?”

“नाही,” मी म्हणाले.

“औषध पूर्ण बंद झाल्यावर बघू या का?”

“पप्पा,” कल्याणी म्हणाली. बस्स, एवढंच.

ते उठले. दारापर्यंत जाऊन थांबले आणि महेशकडे न बघता म्हणाले, “तिची गोळी चुकली नाही पाहिजे.” आणि निघून गेले.

पालघरला त्यांचं नोंदणी लग्न झालं. कल्याणीची आई आली, पाटील आले नाहीत, काका तर नाहीतच. मासवणला जेवण होतं, मी गेले होते. महेशच्या आईने मला शेजारी बसवून विचारलं, पोरीला आता काय दुखतं-खुपतं का? मी नाही म्हटलं. पाटील अजून मुलीच्या घरी गेलेले नाहीत. मात्र तिच्या तपासणीची तारीख आली की मला फोन करतात, आणि रिपोर्ट तिला विचारा म्हटलं की रागावतात.

कॉलेजात आम्हाला शिकवतात, पेशंटच्या सगळ्या तक्रारींमागे शक्यतो एकच कारण शोधा. बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं. पण कारण सापडल्याच्या आनंदात डॉक्टर बाकीचं सगळंही त्याच्याच खात्यात टाकून देतो, आणि नातेवाईक तर टाकतातच. कल्याणीच्या बाबतीत थायरॉइड खरा होता आणि महेशही खरा होता. दोन्ही एकाच शरीरात, एकाच वेळी, एकमेकांत मिसळून. त्यातलं एकच मला रिपोर्टवर दाखवता आलं.